सैल ठेवायचे नट

आता लखनौत समुद्र नाही, हे काय वसुधाला ठाऊक नव्हतं? पण बँकेतून निवृत्त झाली आणि एका बंद पडलेल्या क्लबातली फायबरची जुनी शिडाची होडी तिने थेट विकास नगरच्या घरासमोर आणून ठेवली. शेजारचे भैया विचारायचे, भाभीजी, गोमती में चलाएंगी क्या? ही म्हणायची, हाँ, क्यों नहीं.

माहेर मालवणचं. वडिलांच्या होडीत सुकाणू भावांच्या हाती असायचं आणि हिच्याकडे जेवणाचा डबा. एकदा तरी आपल्या हाताने होडी हाकायची, एवढीच तिची हौस. रविवारी शहराबाहेरच्या तलावावर शिडाच्या होड्या निघणार होत्या आणि सोमवारपासून गाळ काढायला तलाव रिकामा करणार होते. रविवार चुकला की पुढच्या वर्षाची वाट बघा.

आणि नेमकं गुरुवारी, डोलकाठीची तार जिला बांधतात ती कडी डेकमधून उपटून तिच्या हातात आली. वसुधाने कपाळाला हात लावला.

तिचे यजमान लक्ष्मीकांत मात्र खूश. मानक नगरात रेल्वेच्या संशोधनात जन्म गेलेला माणूस, मोडलेलं काही दिसलं की यांना स्फुरण चढतं! दोघांनी डेक कापलं, तर फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड भिजून पार लगदा झालेलं. ते खरवडलं, मे महिन्याच्या लूच्या गरम वाऱ्यात भोक खडखडीत वाळवलं, त्यात दगडासारखं घट्ट होणारं इपॉक्सी भरलं. शुक्रवारी संध्याकाळी खालून स्टीलची जाड पट्टी लावून, पाणी अडवणारं सीलंट फासून कडी बसवली. वसुधाने बजावलं, नट आत्ता अर्धेच आवळायचे. सीलंट सुकून त्याची गादी झाली की मग पुरते.

पण रेल्वेच्या माणसाला सैल नट बघवतो का हो? ती पोळ्या करायला आत गेली आणि यांनी मोठा पाना घेऊन नट पार करकचून टाकले. सगळं सीलंट बाहेर.

शनिवारी सकाळी तिने बादलीभर पाणी ओतलं. खाली थेंब, थेंब. ती अशी भडकली की विचारू नका. लक्ष्मीकांत मान खाली घालून म्हणाले, सवयच आहे गं. मग मुकाट्याने सगळं उघडून पुसलं आणि पुन्हा बसवलं. या खेपेला तिने घरातले झाडून सगळे पाने दागिन्यांच्या कपाटात कुलूपबंद केले. हे दिवसभर अंगणात येरझारा घालत होते, बिचारे!

रविवारी पहाटे तिने स्वतः पाना फिरवला. पाणी ओतलं, एक थेंब नाही. वसुधाला नाचावंसं वाटलं.

तलावावर वारा आला तशी होडी एका अंगावर कलली, तार ताणली गेली. कडी जागची हलली नाही. अगं बाई, काय तो वेग! लक्ष्मीकांतांनी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता. वारा वाढतोय, म्हणाले, आता वळव, झालं की तुझ्या मनासारखं.

वसुधाचे डोळे भरून आले होते, आणि हसूही आवरत नव्हतं.

"अहो, आत्ता कुठे सुकाणू हाती आलंय," ती म्हणाली. "भूक लागली असेल तर डबा तुमच्या पायाशी आहे."

आणि तिने होडी काठापासून लांब, मोकळ्या पाण्यात घातली.