हॅलोबाईंचा नवा बोर्ड

हॅलोबाईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. इस्पितळाच्या टेलिफोनच्या खोलीत त्यांची सगळी उमेदीची वर्षं गेली. मोठ्या डॉक्टरांपासून लाद्या पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना हॅलोबाईच म्हणायचे, आणि निवृत्तीनंतर ते नाव त्यांचा हात धरून घरापर्यंत आलं.

त्या काळी बोर्ड म्हणजे भोकाभोकांची मोठी फळी. एकेक भोक म्हणजे एकेक वॉर्ड, एकेक डॉक्टर, औषधांचं कोठार, धुलाईघर. दिवा लागला की दोरीची पिन त्या भोकात खुपसायची, "थांबा, जोडते" म्हणायचं आणि जोडीची पिन पलीकडच्या भोकात घालायची. हॅलोबाई नुसत्या आवाजावरून माणूस ओळखत. कुणाला ताबडतोब जोडायचं, कुणाला जरा ताटकळत ठेवायचं आणि कुणाला साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून वाटेला लावायचं, हे त्यांना कधी शिकवावं लागलं नाही.

अशा बाईंचे कानच म्हातारपणी रुसले. कानात यंत्र घातलं की समोरच्याचं बोलणं कळायचं, फोनवरचंही. पण यंत्रानं कान खाजायचा, म्हणून घरात एकट्या असल्या की त्या ते काढून कपाटावर ठेवायच्या. मग फोन वाजो नाहीतर दाराची घंटा, त्यांच्या लेखी सगळा शुकशुकाट.

एका दुपारी त्या मागच्या गॅलरीत जुना स्वेटर उसवत बसल्या होत्या. फोन स्वयंपाकघरात, फडक्याखाली पडलेला. तिकडे मुलगा फोन करकरून थकला. तो दुसऱ्या गावी राहायचा आणि लिफ्ट तपासायचं काम करायचा. कुठला दोर झिजलाय, कुठला ब्रेक दगा देईल, हेच दिवसभर शोधणारा माणूस; त्याच्या मनात नको ते आलं यात नवल नाही. तो तडक गाडी घेऊन आला. त्यानं घंटा वाजवली, दार बडवलं, शेवटी कुलूपवाल्याला बोलावलं. हॅलोबाईंनी सहज मान वळवून पाहिलं, तर बैठकीच्या खोलीत मुलगा, हातोडी घेतलेला एक परका माणूस आणि तळमजल्यावर शिवणाचं दुकान चालवणारी शेजारीण, असे तिघं उभे.

"चहा टाकू का सगळ्यांना?" त्यांनी विचारलं.

मुलानं कपाटावरचं यंत्र आणून त्यांच्या हातात दिलं.

त्या दिवसापासून त्यानं एकच धोशा लावला. एकटं राहणं आता पुरे. त्याच्याकडे खोली तयार होती, खिडकीशी खाटसुद्धा टाकून झाली होती. हे घर भाड्यानं देऊन टाकू. हॅलोबाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. इतक्या भ्यालेल्या माणसावर काय रागवायचं? पण हे घर त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं काटकसरीनं घेतलं होतं, भिंतीतला खिळा न् खिळा त्यांच्या ओळखीचा होता. पोटच्या पोराचं घर झालं तरी तिथं आपण पाहुण्यासारख्या कडेला बसून राहणार, हे त्यांना आत्ताच दिसत होतं.

सून मधे पडली. ती दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. आलेले फोन, भेटीच्या वेळा, आदल्या दिवशीची आठवण, हे सगळं तिनं मशीनला शिकवून ठेवलं होतं. ती नवऱ्याला म्हणाली की महिनाभर दम धर, मी आईंचा फोन नीट बसवून देते. नाही जमलं तर तुझं खरं. तो कबूल झाला, पण गंजलेल्या लिफ्टला मुदत द्यावी तशा चेहऱ्यानं.

सुट्टीच्या दिवशी सून एकटीच आली, पिशवीत चार दिवे घेऊन. स्वयंपाकघर, न्हाणीघराचं दार, बैठकीची खोली आणि गॅलरी, अशा चार ठिकाणी तिनं ते लावले. मग हॅलोबाईंच्या शेजारी बसून एकेक गोष्ट समजावली. घरच्या माणसाचा फोन आला की हे चारही दिवे लुकलुकतील. तरी उचलला नाही, तर त्या माणसाला आपोआप मेसेज जाईल. लगेच दुसऱ्यांदा आला आणि तोही उचलला नाही, तर खालच्या शिवणवालीला मेसेज जाईल. तिच्याकडे किल्ली देऊन ठेवायची. अनोळखी नंबर वाजणारच नाही, त्याला परस्पर उत्तर मिळेल.

"म्हणजे बोर्डच की हा," हॅलोबाई म्हणाल्या.

"बोर्डच. फक्त बाईंच्या जागी नियम बसवलेत."

"मग त्या नियमांना बोलायचं कसं ते मी सांगते."

आणि त्या खुर्चीत ताठ बसल्या. सुनेनं मेसेज लिहून आणले होते, गोड आणि लांबलचक. हॅलोबाईंनी ते सगळे छाटले. घरच्यांसाठी ठेवलं: "बाई जागेवर नाहीत. येतील." अनोळखी लोकांसाठी: "साहेब मीटिंगमध्ये आहेत. काम लिहून कळवा." या घरात साहेब कोण, असं सुनेनं विचारलं. तुझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एक मीटिंग केली नाही, आता वर बसून करू देत, असं म्हणून हॅलोबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पुढं एक विमा विकणारा बरेच दिवस रोज सकाळी साहेब मोकळे झाले का म्हणून विचारत राहिला.

शेवटचा नियम सुनेनं खास नवऱ्यासाठी केला. सकाळी हॅलोबाईंनी फोनच्या चार्जरची पिन काढली की मुलाला मेसेज जायचा: "उठले. चहा टाकलाय." तेवढं वाचलं की त्याचा दिवस निर्धास्त.

पहिल्याच आठवड्यात तो बायकोवर वैतागला. आई सकाळी उठते, म्हणाला. मग अकराला उठते. जेवणाच्या वेळेला उठते, दुपारी दोनदा उठते, आणि दरवेळी चहा टाकते. कामावर एका लिफ्टच्या टपावर उभं राहून त्यानं तीन चहांचे मेसेज वाचले होते. एकतर मशीन बिघडलंय नाहीतर आई. दोन्हीपैकी काहीही असलं तरी पुढच्या वेळी मी सामान भरायला खोकी घेऊनच येतो, असं त्यानं बजावलं.

सून पुन्हा आली. काही न विचारता कोपऱ्यात बसून बघत राहिली. हॅलोबाई खुर्चीत बसल्या आणि बसताबसता त्यांनी शेजारच्या तिवईवरच्या फोनला चार्जर लावला. थोड्या वेळानं झाडांना पाणी घालायला उठल्या आणि उठताना, न बघता, त्यांच्या हातानं पिन उपसली. परत आल्या, बसल्या, पिन लावली. दूधवाला आला, पिन काढली, उठल्या.

सुनेला हसू आवरेना. तिनं विचारलं तेव्हा कुठं हॅलोबाईंच्या ते लक्षात आलं, आणि त्या आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं. बोर्डावर एक दोरी जरी भोकात राहिली तरी ती लाइन अडकून पडते. पलीकडे कुणी जीव तोडून फोन करतंय आणि वॉर्डला त्याचा पत्ताच नाही, असं होतं. म्हणून त्यांच्या मुख्य बाई नव्या मुलींच्या मागं उभ्या राहायच्या. पिना काढल्याशिवाय जी कुणी उठेल तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत बसवायच्या. बोलायच्या नाहीत. किती शिस्तीच्या होत्या, आणि घरून काही आणलं की सगळ्या मुलींत वाटून खायच्या. हॅलोबाई त्यांच्याबद्दल बोलत राहिल्या आणि सून ऐकत राहिली, घाई न करता.

आता आपल्याला ही खोड मोडावी लागणार, असं हॅलोबाईंनी गृहीत धरलं होतं. हाताला चिकटपट्टी लावून बसते, म्हणाल्या.

"खोड कशाला मोडायची?" सून म्हणाली. "माणसाची सवय मोडण्यापेक्षा मशीनचा नियम मोडणं सोपं आहे, आई. उलट बरंच झालं. तुमची पिन हलतेय तोवर तुम्ही ठीक आहात."

तिनं नियम फिरवला. पिन लागली किंवा निघाली की फोन ते मनात ठेवणार आणि गप्प बसणार. सकाळ बरीच सरली आणि पिन एकदाही हलली नाही, तरच दिवे लुकलुकणार. त्यालाही दाद मिळाली नाही तर शिवणवालीला मेसेज, आणि मग मुलाला. हॅलोबाई तिच्या बोटांकडे पाहत होत्या. म्हातारपण आल्यापासून जो तो त्यांना काय करू नका तेच सांगत होता. आपल्या सवयीला धरून कुणीतरी काही उभं करतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यांना तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण सुनेला परतीची गाडी गाठायची होती.

महिना संपला आणि मुलगा आला. त्यानं आधी कळवलं नाही. इमारतीखाली गाडी लावून फोन केला. हॅलोबाई गॅलरीत होत्या, यंत्र कपाटावर. दिवा लुकलुकला. त्यांनी यंत्र घातलं, फोनवर नाव बघितलं आणि त्यानं घंटेवर बोट ठेवायच्या आत दार उघडलं. मुलगा जरा ओशाळला. त्याच्या काखेत घडी केलेली खोकी होती.

पण लिफ्ट तपासणारा एका फेरीवर खूश होत नसतो. तो घरभर हिंडला, दिवे बघितले, तारा बघितल्या. मग म्हणाला की हे सगळं विजेवर आहे; वीज गेली की काय? आणि उत्तराची वाट न बघता त्यानं आईला यंत्र काढून गॅलरीत जाऊन बसायला सांगितलं, मुख्य बटण बंद केलं आणि जिन्यात जाऊन उभा राहिला. फोन केला. "बाई जागेवर नाहीत. येतील." असं उत्तर आलं. त्यानं पुन्हा फोन केला.

एवढ्यात खालून धाडधाड पावलं वाजली. शिवणवाली वर येत होती, गळ्यात टेप, हातात किल्ली आणि ओठांत टाचण्या. बोलता येत नव्हतं म्हणून तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं, दार उघडलं आणि थेट गॅलरीत गेली. हॅलोबाई निवांत बसलेल्या पाहून तिनं टाचण्या तळहातावर काढल्या. हा सगळा तपासणीचा खेळ होता, हे कळल्यावर तिनं मुलाला चांगलंच फैलावर घेतलं. गिऱ्हाइकाच्या अंगावर अर्धी बाही टाचलेली ठेवून आलेय, म्हणाली. त्या बाईंना आता हात खाली घेता येत नाहीये.

मुलानं बटण पुन्हा चालू केलं. चारही दिव्यांपाशी जाऊन आला.

"पास," शेवटी म्हणाला.

मग खोक्यांकडे बघून त्यानं विचारलं की ती कुणाला हवीत का. कापडाच्या चिंध्या भरायला होतील म्हणून शिवणवालीनं ती लगेच काखोटीला मारली आणि ती आपल्या अडकलेल्या गिऱ्हाइकाकडे पळाली.

चहा पिताना मुलानं एक गोष्ट मान्य केली, कपात बघत. ते "उठले, चहा टाकलाय" बंद झाल्यापासून त्याला करमत नव्हतं. चुकीच्या वेळी यायचे, तरी आले की बरं वाटायचं. हॅलोबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो मेसेज मशीनवर सोपवायचा नाही, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. तो मी माझ्या बोटांनी लिहीन, म्हणाल्या, आणि चहा खरंच टाकला असेल तरच.

तो गेल्यावर त्यांनी सुनेला दवाखान्यात फोन लावला. पलीकडे सुनेचाच आवाज होता, आधी भरून ठेवलेला: कृपया थांबा, तुमच्या आधी काही जण आहेत. जन्मभर इतरांना थांबवलेल्या हॅलोबाई मजेत थांबल्या. मग खरी सून आली आणि आईंचा नंबर बघून घाबरली. काय झालं, दिवे बंद पडले का, विचारू लागली.

"काही नाही झालं. तो गेला. खोकी इथंच सोडून गेला. दुखऱ्या दातांची रांग अडवत नाही, थोडक्यात सांगते. बोर्डावर मी एवढी माणसं जोडली. ती एकमेकांना थँक्यू म्हणायची आणि फोन ठेवायची. जोडणारीला कोण म्हणतंय? मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कामच तसं होतं. पण मी आणि माझा मुलगा, आमच्यामध्ये तू बसलीस म्हणून आज मी माझ्या घरात आहे. तर मी जोडणारीला म्हणतेय. ऐकलंस ना?"

पलीकडून आवाज येईना. हॅलोबाईंनी कानातलं यंत्र चाचपून पाहिलं. ते चालू होतं.

"ऐकलं, आई," सून म्हणाली. तिच्या मागं कुणीतरी गाल धरून बोलावं तसं बोलत होतं, किती वेळ लागेल म्हणून विचारत होतं.

"जा, त्याला आधी घे."

"तो थांबेल," सून म्हणाली. "तुम्ही बोला."