ओटी आणि धनादेश

शुक्रवारी दुपारपर्यंत माझ्या निवडणूक खात्यात पाच लाख दिसले, तरच पक्ष मला एबी फॉर्म, म्हणजे महापालिकेतल्या महिला राखीव जागेच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, देणार होता. साडेतीन जमले होते. माझ्या शिकवणीतल्या मुलांच्या आया, खारघरच्या दोन परिचारिका, मच्छी बाजारातली जनी, आणि माझ्या स्वतःच्या दोन पाटल्या. पुरुषांनी शुभेच्छा दिल्या. त्यांचा साठा अक्षय असतो.

उरलेल्या दीड लाखासाठी गुरुवारी सकाळी मी दाजी ठोंबऱ्यांकडे गेले. खडीच्या धंद्यावर उभे राहिलेले त्यांचे घर तीन मजली आहे आणि प्रत्येक मजल्यावर संगमरवराचा गारठा पसरलेला आहे. ऊब हवी असेल तर ती ज्याची त्याने घेऊन जावी. माझा नवरा सुशांत खाली गाडीत थांबला. तसे आमचे ठरले होते.

दिवाणखान्यात प्रणित बसला होता. आमच्याच पॅनेलमधल्या खुल्या जागेचा इच्छुक. वय सव्वीस, कर्तृत्व दोन दहीहंड्या. दाजींनी त्याच्या हातात पाच लाखांचा धनादेश ठेवला आणि पाठ थोपटली.

"उडव धुरला, वाघा!"

धुरळा कशासाठी, हे वाघाला कोणी विचारले नाही. मी मात्र पाण्याच्या प्रश्नावर चार पाने लिहून नेली होती. दाजींनी ती घेतली, त्यांच्यावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि आत हाक मारली.

"गंगे, कोमल आयलीय. तिची ओटी भर."

गंगाबाईंनी मला पाटावर बसवले. नारळ, तांदूळ, खण, एकशे एक रुपयांचे पाकीट. मी पदर पसरला. उमेदवाराला देणगीसाठी हात पुढे करता येतो, बाईला पदर.

"दाजी, मी देणगीसाठी आले होते."

"ठाव हाय. सुशांतला वरती बोलव. लोकांच्या बायकांच्या हाती आमी पैसा देत नाय. बरा दिसत नाय ता."

"आता प्रणितला दिलात."

"त्यो काय कुनाची बायको हाय?"

स्वतःच्या या विनोदावर ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. ते गंगाबाईंनी दिले.

सुशांत वर आला. पाच मिनिटांत दोघे गटारांच्या ठेक्यांपर्यंत पोहोचले. "निवडून आल्यावर कामा कोन बघनार? तू का ही?" दाजींनी विचारले. सुशांत नुसता हसला. त्या हसण्यात नकार कुठेच नव्हता. मग दाजींनी दोन लाखांचा धनादेश लिहिला. सुशांतच्या नावाने.

"हा माझ्या खात्यात भरताच येणार नाही," मी म्हणाले. "उमेदवाराच्याच नावाचा लागतो."

"ह्याच्या खात्यात भरा नि तिकरं वळवा. घर तं एकच हाय."

"अगं, आजच वळवतो," सुशांत म्हणाला. "देणगीदार म्हणून माझं नाव लागेल, एवढंच."

एवढंच. सहा वर्षे मी टँकरच्या रांगेत उभी राहिले, अर्ज लिहिले, अधिकाऱ्यांच्या दारांचे रंग पाठ केले. आणि माझा नवरा पाच मिनिटे सोफ्यावर बसून नगरसेवक झाला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मी त्याच्या हातातला धनादेश काढून दाजींपुढे धरला. "परक्या बाईच्या हातून परत घेता येतो ना?"

घेता आला.

"एवढा ताठा बरा नाही, कोमल," सुशांत गाडीत म्हणाला. त्याला दोन लाख गेल्याचे दुःख नव्हते. त्याचे पद गेले होते.

शुक्रवारी पक्ष कार्यालयात अध्यक्षांनी माझे पासबुक पाहिले आणि मिटले. एबी फॉर्म प्रणितच्या आईला मिळाला. तिचे खाते सकाळी उघडले होते, बारापर्यंत त्यात पाच लाख आले होते. पैसे कोणाचे, हे कोणी विचारले नाही. खाते बाईच्या नावाचे होते, महिला राखीव जागेला तेवढे पुरत होते. माऊली स्वतः आल्याच नव्हत्या. फॉर्म प्रणितने नेला.

ज्यांनी साडेतीन लाख दिले होते, त्यांनी ते पक्षाला दिले नव्हते. अर्जांची मुदत तीनपर्यंत होती. पावणेतीनला मी निवडणूक कार्यालयात पोहोचले आणि पक्षाच्या रकान्यात 'अपक्ष' लिहिले. सूचक म्हणून जनीने सही केली. सुशांतला काम होते.

कारकुनाने अर्ज उलटून पाहिला. "साहेब कुठायत? खर्चाचे नियम समजावून सांगायचेत."

"मला सांगा. उमेदवार मी आहे."

त्याने सांगितले. सगळे नियम, एकही न गाळता. फक्त रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी पुरुषाकडे पाहत.