वळणाऱ्यांची बाजू

"हात इतका आवळू नका, मी कुठे पळून जात नाहीये," बाई प्लंबरला म्हणाल्या, तसा सगळा वर्ग हसला. प्लंबरही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

व्यायामशाळेच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी बाई स्विंग शिकवत. बाकी आठवडाभर त्या चष्म्याच्या दुकानात काचा घासत. स्विंग हा जोडीचा नाच. एकाने हाताने दिशा द्यायची, दुसऱ्याने ती ओळखून वळायचं. वर्ग सुरू केला तो बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने. तो दिशा द्यायचा, बाई वळायच्या, आणि शिकायला येऊन जाऊन चार टाळकी. तो वारल्यावर नणंदेने समजावलं होतं, वहिनी, आता कुणासाठी एवढी दगदग करता? बाईंनी ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी हॉलचं कुलूप उघडलं. पुरुष नेहमीच कमी पडत, म्हणून दिशा देण्याचं काम बाई करू लागल्या.

हळूहळू हॉल भरला. बेकरीवाली आली, बसचालक आला. दोन जावा आल्या, ज्यांचं घरी क्षणभर पटत नसे, पण इथे त्या एकमेकींशिवाय पाऊल उचलत नसत. कुणी आजारी पडलं की डबे जात, कुणी घर बदललं की खोकी उचलायला अख्खा वर्ग हजर. बाईंना सगळे मान देत. इतका मान, की वर्गानंतरच्या मोकळ्या नाचात त्यांना कुणी विचारतच नसे. त्या गाणी लावत आणि खिडकीपाशी बसून राहत.

त्या शनिवारी प्लंबर खिडकीपाशी आला.

"बाई, एक गाणं माझ्याबरोबर? चुकलो तर सांभाळून घ्या."

बाई उठल्या. उगाच पदर नसतानाही खांदा चाचपला. पहिल्या वळणाला त्याने डावीकडे खुणावलं आणि बाईंनी उलट त्यालाच गिरकी दिली. दुसऱ्यांदाही तेच. त्यांनी अंग सैल सोडून पाहिलं, पण मनगट ऐकेना. वळणाआधी बोटांनी दिलेला तो हलका झटका, किंचित झुकवलेला खांदा. ही लकब त्यांची नव्हतीच, नवऱ्याची होती. इतकी वर्षं त्या त्याच्या जागी नाचत आल्या होत्या. आणि स्वतःचं वळणं कधी अंगातून निघून गेलं, ते त्यांना कळलंही नव्हतं.

"राहू द्यायचं का?" प्लंबरने हळूच विचारलं.

"आज राहू द्या," बाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी वर्ग बेकरीवालीच्या हवाली केला आणि नवख्यांच्या रांगेत, वळणाऱ्यांच्या बाजूला, टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. बेकरीवालीने जोड्या करायला सांगितलं. समोर बसचालक आला आणि बाईंना पाहून बिचकला.

बाईंनी हात पुढे केला, वळणारे धरतात तसा तळवा खाली ठेवून, आणि त्याच्या खुणेची वाट पाहू लागल्या.