उघडी आणि पेटी

इकबालकडे गाड्या वाहून न्यायच्या दोन ट्रॉल्या होत्या, आणि रोह्याच्या आसपास मोटारींच्या शर्यतीचं खूळ डोक्यात घेतलेलं प्रत्येक पोरगं कधी ना कधी त्याच्या अंगणात येऊन विचारायचंच, "चाचा, कुठली नेऊ?"

एक ट्रॉली उघडी. नुसता लोखंडी सांगाडा, गाडी चढवायला दोन फळ्या आणि बांधायला पट्टे. दुसरी बंद, चारी बाजूंनी पांढरा पत्रा, पेणच्या एका वेल्डरकडून बांधून आणलेली. तिला सगळे पेटी म्हणत. इकबाल तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारायचा आणि सुरू व्हायचा. उघडी हलकी, वारा आरपार जातो, चढाला पिकअप रडत नाय, पट्टा सैल झाला तर आरशात दिसतो. पेटी जड, वाऱ्यात हेलकावे खाते, पण धूळ नाय, पाऊस नाय, आणि रस्त्यावरचा कुणी रिकामटेकडा गाडीला बोट लावत नाय. "आता तुझं तू ठरव बाबा. वरात तुझी हाय."

पोरं कसली ऐकतायत! त्यांचा हिशेब वेगळाच. जाताना सगळ्यांना उघडीच हवी, म्हणजे गाडीवरचे रंगीत पट्टे आणि दारावरचा नंबर कोलाड नाक्यानं बघितला पाहिजे. परत येताना मात्र मैदानावरून फोन यायचा. जिंकलेला ओरडायचा, "चाचा, उघडी आणा!" हरलेला तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, "पेटी आणा." मग काय, अख्ख्या रस्त्याला कळायचं. पांढरा पत्रा दिसला की चहावाले म्हणायचे, गेलं बेणं हरून.

निकेश कायम पेटीतूनच आला. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणारा पोरगा, बाप लहानपणीच गेलेला. जुनी छोटी मोटार घेऊन ती स्वतःच सोलून, ठोकून, पिवळी रंगवून शर्यतीत उतरवलेली. गाडी बरी होती, पोरगं त्याहून बरं होतं, पण दर वेळी शेवटच्या वळणाला काहीतरी घोळ. त्याचं घर कोलाडहून रोह्याला येणाऱ्या रस्त्याला लागूनच. आई सीताबाई पेणकडच्या मिठागरवाल्यांची लेक, उन्हात रापलेली, तोंडाची फटकळ. शर्यतीच्या रविवारी ती दुपारपासून दारात. पेटी दिसली की काही विचारायची नाही, भात टाकायची. देवापुढं एक नारळ मात्र ठेवलेला असायचा. "उघडी दिसली की फोडीन," म्हणायची. "इकबालभाय, तुझ्या त्या उघडीची वाट बघून माझे डोळे गेले रे." नारळ सुकायचा, ती नवा ठेवायची.

त्या रविवारी आधी फोन आला अमोलचा. निकेशचा जोडीदार, गाडीची हत्यारं सांभाळणारा. हुंदक्यांनी त्याला धड बोलता येत नव्हतं. इकबालला वाटलं, हरली पोरं, रडतायत.

"पेटी आणू ना रे?"

"चाचा, निकेश गेला."

शेवटच्या वळणाला दगडांचा ढीग होता. पोरांनी किती वेळा सांगितलं होतं, तिथं जुने टायर रचा, निदान ढीग तरी उचला. पुढच्या वेळी करू, असं शर्यत भरवणाऱ्याचं उत्तर. रुग्णवाहिका नव्हती. निकेशला कुणाच्या तरी जीपमध्ये मागच्या सीटवर आडवा घालून रोह्याच्या दवाखान्यात नेलं, आणि वाटेतच सगळं संपलं. आईला अजून कळवलं नव्हतं. तिचा भाऊ काळुराम पेणहून निघाला होता. तो पोचला की तोच सांगेल, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही, असं ठरलं होतं.

इकबाल अंगणात तसाच उभा राहिला. या अल्ला, हे पोरगं परवा इथं पायरीवर बसून कोंबडीवडे खाऊन गेलं! तेवढ्यात दुसरा फोन वाजला.

हा हर्षदशेठचा. खांब गावाच्या आतल्या बाजूला डोंगराखाली त्याची जमीन होती, तिथंच तो शर्यती भरवायचा. परवानगी, बंदोबस्त, सगळं तोंडी.

"इकबाल, पेटी घेऊन ये. उघडी नको. लगेच."

"कशाला, शेठ?"

"ती पिवळी गाडी इथून हलवायची. हायवेच्या कडेला उतरवून टाक. तिथं रोज कोणी ना कोणी ठोकतंच. पोरगा पिऊन भरधाव निघाला आणि गेला, विषय संपला. माझ्या मैदानात काही झालेलं नाही. कळलं ना?"

इकबालला कळलं, चांगलंच कळलं. ज्या पोरानं बिअरच्या बाटलीला हात लावला नव्हता, तो पिऊन मेला म्हणून आयुष्यभर त्याच्या आईला ऐकवलं जाणार होतं. पाण्यावर गेली तरी बायका कुजबुजणार. आणि दगडांचा तो ढीग तिथंच, पुढच्या पोराची वाट बघत.

तो दोन ट्रॉल्यांच्या मधोमध उभा राहिला. पेटी घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जावं, असं आधी मनात आलं. पण पेटीत काय होतं, कुठून उचललं, हे बघितलं कुणी? हर्षदची ओळख वरपर्यंत. उद्या तोच म्हणणार, गाडी हायवेवरच पडली होती, या इकबालनंच उचलून नेली. एका म्हाताऱ्या ट्रॉलीवाल्याचं कोण ऐकतो? माणसांनीच बघायला हवं. नाक्यानं, चहावाल्यांनी, रविवारच्या बाजाराला आलेल्या गर्दीनं. मैदानाच्या रस्त्यानं बाहेर येणारी गाडी, तिचा नंबर, तिचं चेपलेलं तोंड.

त्यानं पिकअपला उघडी जोडली.

मैदानावर हर्षद अंगावर धावून आला. "पेटी सांगितली होती ना तुला? बहिरा झालास?"

"पेटीचं चाक बसलंय, शेठ. ताडपत्री आणलीय. झाकतो की."

हर्षदला घाई होती. शिव्या घालत त्यानं माणसं लावली, गाडी फळ्यांवरून ओढून चढवली, ताडपत्री आवळली. गाडीचं पुढचं टोक राहिलंच नव्हतं. आतल्या आरशाला सीताबाईनं बांधलेली काळी दोरी तशीच होती. इकबालनं पट्टे स्वतः ओढले, कुणाला हात लावू दिला नाही. अमोल त्याच्या शेजारी येऊन बसला.

"हायवेला सोड आणि गप घरी जा," हर्षद म्हणाला.

"व्हय शेठ," इकबाल म्हणाला. आयुष्यात एवढं गोड तो कुणाशी बोलला नसेल.

मैदानाचा कच्चा रस्ता डांबरीला लागतो तिथं, पानटपरीसमोर, त्यानं पिकअप थांबवली आणि ताडपत्रीच्या दोऱ्या सुरीनं कापल्या. टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी मोबाईल वर धरला. "घ्या, नीट घ्या," इकबाल ओरडला. "हर्षदशेठच्या मैदानातून आणलीय! निकेशची गाडी हाय ही! नंबर दिसतोय ना?"

कोलाड नाक्यावर तो मुद्दाम रांगत गेला. वडापावच्या गाड्यांवरचे हात थांबले. एकानं विचारलं, पोरगा वाचला का, आणि अमोलनं नाही म्हणून मान हलवली. एक नाय, दोन नाय, सगळा नाका बघत होता. आता हर्षदच्या बापाला ही गाडी हायवेवर पाडता येणार नव्हती. इकबालला क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, बरं वाटलं.

मग रोह्याचा रस्ता लागला.

त्यानं ठरवलेलं होतं. गाडी पोलीस ठाण्यात न्यायची, पण त्याआधी सीताबाईच्या घराअलीकडं ओढ्यावरची मोरी आहे, तिथं थांबायचं, ताडपत्री पुन्हा घालायची आणि आपण चालत पुढं जायचं. काळुरामला फोन लावला. तो अजून नागोठण्याच्या गर्दीत अडकलेला. म्हणजे सांगायचं आपल्यालाच. कसं सांगायचं? वयनी, जरा बसा, असं सुरू करावं? की नुसतं जाऊन पायाशी बसावं? तो वाक्यं जुळवत होता आणि एकही जुळत नव्हतं.

वळण सरलं आणि मोरी दिसली. मोरीच्या कठड्यावर सीताबाई बसली होती. शेजारीण हौसा बरोबर होती. दारात बसून दम निघेना म्हणून बाई आज पुढं चालत आली होती.

तिनं लांबूनच बघितलं. पिकअपच्या मागं पांढरा पत्रा नव्हता. बाकी ट्रॉलीवर काय आहे ते पिकअपच्या आड होतं. ती ताडकन उठली.

"हौसे! उघडी! उघडी आली गो!"

इकबालनं ब्रेक मारला. अमोलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सीताबाई धावत येत होती, साठीला टेकलेली बाई, पदर कमरेला खोचलेला, पिशवीतून नारळ काढून हातात धरलेला. आज तिनं नारळ बरोबरच आणला होता.

"कुठं हाय रे माझा वाघ? मागं बसलाय काय? इकबालभाय, शेवटी आणलीस की रे उघडी!"

इकबाल उडी टाकून उतरला आणि तिच्या वाटेत आडवा झाला. "वयनी, तिकडं जाऊ नका. माझ्याकडं बघा. वयनी, आधी माझ्याकडं बघा."

तिनं त्याच्याकडं बघितलं. ती हसतच होती. मग तिनं अमोलकडं बघितलं, आणि मग इकबालला हातानं बाजूला सारून मागं गेली.

पुढच्या टोकाकडं तिनं बघितलंही नाही. फुटलेल्या काचेतून हात आत घालून आरशाची काळी दोरी तिनं चाचपली. रस्त्यानं धाटावच्या शिफ्टची बस आली, ट्रॉलीमागं उभी राहिली, आणि बसमधली माणसं खिडक्यांतून डोकावू लागली. निकेशच्याच कंपनीतली. इकबालला हवे होते तेवढे डोळे आता तिच्यावर लागलेले होते.

"वयनी," तो म्हणाला, "तो हर्षद गाडी लपवायला बघत होता. तुमच्या पोराचं नाव..."

सीताबाई वळली. नारळ अजून तिच्या हातात होता.

"पेटी का नाय आणलीस रे?" ती म्हणाली. "हरून आला असता तरी भात टाकला असता मी."