स्थिर राहिलेली चकती

पट्ट्याबरोबर एसीच्या कॉम्प्रेसरचे चाक गरगरत होते आणि त्याच्या तोंडावरची ती लोखंडी चकती मात्र स्थिर होती — शेजारच्या धावपळीशी आपला काही संबंध नाही, अशा शांततेने. एसीचे बटण दाबताच 'टक्' आवाज करून तिने चाकाला चिकटावे, दोघांनी मिळून फिरावे आणि आत गार वारा सुटावा, हा तिचा धर्म. कमलाकर बॉनेटखाली मान घालून त्या आवाजाची वाट पाहत राहिला. आवाज आला नाही. आत पंखा नुसती ऑक्टोबरची धग फेकीत होता.

उन्हे कलली की निघायचे होते. बायकोला, कुमुदला, पुण्याला मुलाच्या, देवेशच्या घरी पोचवायचे — चार दिवसांसाठी नव्हे, राहायलाच. खाणींची धूळ आणि कळंबोलीच्या ट्रकांचा धूर तिच्या दम्याला मानवत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. प्रवाससुद्धा काचा बंद करूनच. एसी नाही, म्हणजे आज जाणे नाही.

आणि हे नेमके आजच घडावे...

त्याला प्रथम धर्मराज मेकॅनिक आठवला. मागल्या आठवड्यात गाडी त्याच्याच गॅरेजात होती. काल दसऱ्याचे सोने द्यायला आला, तेव्हा बॉनेटवरचा हार पाहून म्हणाला होता, "काका, गाडीला एवढा हार आणि मला नुसती पानं होय?" हसला होता. का हसला? चांगला कॉम्प्रेसर काढून कुणाचा तरी मेलेला बसवला असेल. गॅरेजातून आणताना एसी चालला होता खरा. पण वाटेपुरताच चालावा, अशीही काही युक्ती असू शकते. मी जन्मभर कारखान्यात वायरमन होतो, माझ्या डोळ्यांत धूळ फेकणे इतके सोपे नाही...

त्याने फ्यूज काढून पाहिला, शाबूत होता. गॅसच्या नळीवरल्या झडपेची पिन खिळ्याने किंचित दाबली. गॅस फुस्सकन बाहेर आला, म्हणजे गॅसही होता. शेवटी बॅटरीपासून एक सुटी वायर ओढून त्याने थेट कॉम्प्रेसरला टेकवली, आणि — टक्! चकती चिकटली, फिरू लागली. वायर दूर करताच सुटली. कॉम्प्रेसर निर्दोष होता, धर्मराजही. वीज वाटेतच कुठेतरी अडत होती. संशय निराधार ठरल्याचे समाधान वाटण्याऐवजी त्याला उगाच उघड्यावर पडल्यासारखे वाटले.

कुमुद चहा घेऊन आली. तिची बॅग सकाळपासून दाराशी भरून ठेवली होती.

"अहो, राहू दे ना. तुम्ही हात लावलात की चालणाऱ्या वस्तूपण बंद पडतात."

"आज निघायचं आहे."

"बरं," ती म्हणाली.

हेच ते 'बरं'. महिन्यापूर्वी पुण्याचा विषय त्यानेच काढला, तेव्हाही तिने क्षणाचा विलंब न लावता हेच उत्तर दिले होते. रडणे नाही, रुसणे नाही... इतकी वर्षे संगतीने काढलेली बाई इतक्या सहज निघते? की ती वाटच पाहत होती? त्या दोन अक्षरांनी त्याची झोप पोखरली होती.

"स्वयंपाकघरात ते पातेलं झाकून कसलं ठेवलंय?" त्याने विचारले.

"वाल. काल रात्री भिजत घातले."

"मोड यायला अजून वेळ लागेल."

"लागेल की," असे म्हणून ती कप घेऊन आत गेली.

आज घर सोडणारी बाई काल रात्री वाल भिजत घालते? मोड कुणी काढायचे, बिरडे कुणी सोलायचे — मी? की हात सवयीने चालत राहिले?... तो पुन्हा वाकला. वायरीचा मार्ग बोटाने चाचपत गॅसच्या नळीवरील लहानशा स्विचपर्यंत आला आणि थांबला. जोड सुटलेली होती. तिच्या पांढऱ्या टोपणावर कुंकू होते, अनामिकेने लावावे तसे ओढलेले.

काल पूजेच्या वेळी तबक त्याच्याच हातात होते. "इंजिनालाही लावते हो," म्हणत कुमुदने हात आत घातला होता. जरा अधिकच वेळ? त्याला आठवेना. खटका दाबल्याखेरीज ही जोड निघत नाही. पण उष्णतेने ठिसूळ झालेला हा जुना खटका बांगडीच्या धक्क्यानेही निसटला असेल...

दोन्ही टोके त्याच्या दोन हातांत होती. जोडायचा अवकाश, गार वारा सुटला असता.

"सापडलं का हो काही?" आतून कुमुदने विचारले.

त्या आवाजात काय होते? भीती? की नुसतीच चौकशी? आयुष्यभर संशय आला की तो खोटा ठरावा असेच मनोमन वाटत आले होते. आज प्रथमच कमलाकरला वाटले की तो खरा असावा — तो हात चुकून लागलेला नसावा, ते 'बरं' तरी खोटे असावे... आणि हे तिला विचारायचे कसे? विचारले, आणि तिने साधेपणाने सांगितले की बांगडी अडकली असेल, तर?

"अजून नाही," तो म्हणाला, आणि कुंकू पुसले जाऊ नये म्हणून त्याने अंगठा हलकेच बाजूला घेतला.