तळ्याकाठची वीस मिनिटं

हेमंत उतरला होता धानाच्या कापल्या बांध्यांवर. सुवर्णधूसर, शांत, सुस्तावलेला. तळ्याच्या नीलनिर्मळ पाण्यावर सायंकाळचं केशर सांडलं होतं, आणि त्या केशरातून पाणपाखरांचे थवे परतत होते. सारं चराचर घरी निघालं होतं. फक्त तळ्याच्या पाळीवर, काठच्या मातीच्या बांधावर, हिवराजच्या फोनमध्ये, एक निळा ठिपका थांबला होता. आजही थांबला होता!

तो ठिपका म्हणजे चित्ररेखा. हिवराजची आठ महिन्यांची नवपरिणीता, आरोग्य उपकेंद्रातली नर्स. स्कूटीवर चार गावं फिरायची. वाटेत जंगलाचा पट्टा, वाघाचं भय. म्हणून लग्नानंतर हिवराजनंच तिचं लोकेशन आपल्या फोनवर घेतलं. "काळजी वाटते वं तुझी," म्हणाला, तेव्हा ती लाजून हसली होती. खोटं कशाला बोला, काळजीच होती ती.

पण काळजीला डोळे फुटले, की तिला झोप म्हणून येत नाही. हिवराज शिंपी. पाय मशीनवर, मन ठिपक्यावर. ठिपका चालला की टाका सरळ, ठिपका थांबला की टाका वाकडा. एकदा तर सरपंचांच्या सदऱ्याला पठ्ठ्यानं दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

रोज वीस मिनिटं तळ्यावर. कोणासाठी? शेवटी त्यानं विचारलं.

"काही नाही जी. नुसती बसते."

नुसती! दिवसभर रडत्या लेकरांना सुया टोचायच्या, अवघडलेल्या बायांची नाडी धरायची, घरी येऊन चूल धरायची. त्या वीस मिनिटांत तिच्याजवळ कोणी काही मागत नव्हतं. एवढंच त्या वेळेचं वैभव, एवढंच तिचं जलशीतल, एकांतमधुर माहेर. पण संशयी मनाला 'काही नाही' याच्याइतकं मोठं उत्तर दुसरं नाही, बाप्पा!

दुसऱ्या सांजेला हिवराज मशीन झाकून पाळीवर गेला. मोहाच्या झाडाआडून पाहिलं. चित्ररेखा एकटी. चपला बाजूला, पाय पाण्यात, आणि ती बदकांना वेडावून दाखवत होती! दाखवत होती आणि खुदुखुदु हसत होती. असं हसताना त्यानं तिला कधी पाहिलंच नव्हतं. लाजेनं मेल्याहून मेला बिचारा. मागं वळणार, तोच शिंक आली.

तिनं पाहिलं. हसू जिथल्या तिथं विझलं. ओरडली नाही, भांडली नाही. चपला घातल्या.

"तुम्ही विचारलं, मी सांगितलं," ती हळूच म्हणाली. "मग पाहायला काहून आले जी?"



त्यानंतर ठिपका कधी थांबला नाही. शहाण्यासारखा सरळ घरी यायचा. चित्ररेखा रांधायची, वाढायची, विचारलं तेवढं बोलायची. बायको वेळेवर घरी येत होती, आणि हिवराजला ती कुठंच सापडत नव्हती. फार तुटलं त्याचं आत.

नवव्या दिवशी त्यानं फोन तिच्यापुढं ठेवला आणि लोकेशन बंद केलं. "चुकलं माझं, चित्रे. उशीर होत असला तर फोन तेवढा करजो. बाकी तळं तुझं."



दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ सरता सरेना. दिवेलागणीला फोन आला: "वेळ लागंल जी." एवढंच. 'कुठी आहेस?' ओठांवर आलं होतं त्याच्या. सुपारीसारखं गालात धरून ठेवलं.

मग तिमिरधूसर वाटेवरून स्कूटी आली. चित्ररेखा उतरली ती कमरेपर्यंत गाळानं माखलेली, केसांत शेवाळ, डोळ्यांत मात्र लखलखाट. हिवराज घागर घेऊन पायरीशी वाकला आणि तिच्या पावलांवर पाणी घालू लागला.

"विचारत नाही का जी, कुठी होती ते?"

"नाही."

 त्याच्या खांद्याचा आधार घेत ती तिथंच पायरीवर टेकली.

"मग ऐका," म्हणाली.

आणि सांगू लागली; गाळात फसलेली म्हशीची वगार, शेपटीला लोंबकळणारी म्हातारी, आणि धपकन् चिखलात बसलेली सरकारी नर्स. हात उडवत सांगत होती, हसत सांगत होती, अगदी तशीच, खुदुखुदु. घागर केव्हाच रिती झाली होती. हिवराज वाकलेलाच होता, ऐकत होता. आणि तिच्या पावलांवरून निघालेलं काळंभोर पाणी अंगणातून वाहत होतं, वाहत होतं, हळूहळू अंधारात विरत होतं.