माझ्या पोटातली अकरा पानं

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. मित्रांनो, डब्याला कसला आलाय धक्का, असं म्हणून हसू नका. जपानमधल्या कानाझावा शहरातल्या रहस्यकथा लिहिणाऱ्यांच्या मंडळात मी सदतीस वर्षं काढली आहेत. एवढे खून ऐकलेला डबा उगाच दचकत नाही.

माझा जन्म बंदराजवळच्या कारखान्यात झाला. माझ्या झाकणावर दोन करकोचे आहेत, पण छपाई सरकल्यामुळे एकाचा पाय गुडघ्यापाशीच संपतो. माझ्यात तांदळाच्या खमंग चकत्या भरल्या गेल्या आणि उन्हाळ्याची भेट म्हणून मी लेखिका साए कुरामोची यांच्या घरी पोचलो. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंनी मला उचललं आणि मंडळाच्या बैठकीला, एका कॉफीच्या दुकानाच्या माडीवर नेलं.

तिथे ऐकलेलं पहिलंच वाक्य मी जन्मात विसरणार नाही. "विहिरीत ढकलण्यापेक्षा उशी बरी हो, आवाज होत नाही. चकती घ्या ना अजून एक." बोलणारे गृहस्थ होते तोगाशी, औषधांचे दुकानदार. कथेत डझनावारी माणसांना विष पाजणारे, आणि स्वतः साधी सर्दीची गोळीही घाबरत घेणारे. मला वाटलं, मी दरोडेखोरांच्या टोळीत सापडलो.

हळूहळू उलगडा झाला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी एक जण आपली कथा मोठ्याने वाचायचा. सगळे धागेदोरे सांगून झाले की तो थांबायचा आणि विचारायचा, "आता सांगा, खुनी कोण?" बाकीचे चिठ्ठीवर नाव लिहायचे आणि मग उत्तराची पानं वाचली जायची. तोगाशींनी यात लबाडी केली. चिठ्ठ्यांचा अंदाज घेऊन ते ऐन वेळी खुनी बदलायचे. बाईंनी त्यांना भर बैठकीत उभं केलं.

"तोगाशीराव, उजव्या खिशात स्वयंपाकीण, डाव्या खिशात डॉक्टर. आतल्या खिशात कोण हो? बायको?"

खिशातून खरोखरच तीन उत्तरं निघाली. हशा पिकला आणि त्याच दिवशी माझं नशीब फळफळलं. बाईंनी नियम केला की वाचन सुरू होण्याआधीच उत्तराची पानं डब्यात ठेवायची, झाकणावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि पट्टीवर लेखकाने आपल्या नावाचा शिक्का मारायचा. सगळ्यांच्या चिठ्ठ्या शेवटी माझ्यातच टाकायच्या. मी पंच झालो. याच मंडळात चिहारू मिनेगिशी नावाच्या मुलीला बाईंनी कथा लिहायला शिकवलं. तिचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा तिने शेवटच्या पानावर पाय मोडलेल्या करकोच्याचे आभार मानले. वाचकांना काही कळलं नाही, पण मी महिनाभर फुगून बसलो होतो.

मग मंडळी घरबसल्या संगणकावर भेटू लागली. उत्तरं तारेतून जाऊ लागली आणि माझ्यात साखरेच्या पुड्या आल्या. माझ्या बुडाला गंज चढला. चार वर्षं कोणी शिक्का मारला नाही. मला राग येत होता, आणि खरं सांगतो, रडूही येत होतं.

गेल्या जानेवारीत बाईंचा दुकानात फोन आला. त्या आता एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. "या रविवारी मी वाचणार आहे. सगळ्यांना समोर बसवून. आणि माझा डबा पुसून ठेवा."

बाहेर बर्फ साचलं होतं, तरी अकरा जण आले. बाईंनी पाठ फिरवून उत्तराची पानं माझ्यात ठेवली. ती मी पाहिली, मित्रांनो, आणि माझा पत्रा गार पडला. पानंही अकराच होती. प्रत्येक पानावर तेच एक वाक्य होतं, 'खुनी याच खोलीत आहे आणि त्याचं नाव'. त्यापुढे काही नाही. पट्टी चिकटली, शिक्का वाकडा पडला, वाचन सुरू झालं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण डबा कसा ओरडणार?

कथा झकास होती. सोन्याचा वर्ख ठोकणारा एक म्हातारा कारागीर आपल्या कामाच्या खोलीत मेलेला सापडतो. संशय तिघांवर असतो, स्वयंपाकीण, व्यापारी आणि जावई. बाईंचा आवाज तासभर जराही कापला नाही. चिठ्ठ्या लिहून झाल्या आणि पट्टी कापली गेली.

बाईंनी पहिलं पान वाचलं. मग दुसरं वाचलं, तेच वाक्य. तिसरं, तेच. अकरावं पान खाली ठेवलं गेलं आणि तोगाशी ताडकन उभे राहिले.

"याच खोलीत! अहो, म्हणजे या खोलीत! अकरा पानं, ऐकणारे अकरा! नाव आपण आपापलं घालायचं! बाई, तुम्ही आम्हालाच खुनी ठरवलंत! आणि मी बावळट, जावयाचं नाव लिहून बसलो!"

त्यांनी आपली चिठ्ठी चुरगळून माझ्यात फेकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गलक्यात बाई शेजारी बसलेल्या चिहारूकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "चिहारू, कोण होता गं तो?"

"बघा, अजून सोंग सोडत नाहीत!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. चिहारूही हसली. बाईंच्या हाताने माझी कड इतकी घट्ट धरली होती की त्यांची बोटं पांढरी पडली. त्या थट्टा करत नव्हत्या. खुनी कोण, ते त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आयुष्यभर सुतावरून स्वर्ग गाठणारी ही माणसं, आणि एकालाही ते दिसलं नाही. मला जो धक्का बसला तो हाच.

बाईंना गाडीत बसवून चिहारू पानं आवरायला वर आली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख घालायची बाईंची जुनी सवय होती. पहिलं पान जूनचं होतं, शेवटचं चार दिवसांपूर्वीचं. दर पानागणिक अक्षर मोठं आणि वेडंवाकडं होत गेलं होतं. चिहारूने अकराही पानं तारखेप्रमाणे ओळीने मांडली. तेवढ्यात विसरलेली टोपी न्यायला तोगाशी परत आले.

"तोगाशीकाका," ती म्हणाली, "आपण टाळ्या वाजवल्या हो."

तोगाशींनी तारखा पाहिल्या. बराच वेळ ते टोपी हातात फिरवत राहिले. "चाळीस वर्षं दुकानात माणसांचे चेहरे बघून आजार ओळखले मी," ते म्हणाले. "आज बाईंपासून चार हातांवर बसलो होतो, तरी दिसलं नाही."

"सात महिने त्या एकट्या शेवट शोधत होत्या. आता तो गेला."

"गेला कसा?" तोगाशींनी माझ्यात हात घातला आणि आपलीच चुरगळलेली चिठ्ठी काढून मांडीवर सपाट केली. "बाईंनी सगळे धागे दिलेत. वर्ख श्वासानेसुद्धा उडतो, म्हणून म्हातारा खिडकी उघडू देत नाही. जावई म्हणतो, मी आलो तेव्हा खिडकी सताड उघडी होती, खुनी तिथूनच पळाला. मग मेजावरचे वर्ख जागच्या जागी कसे? खिडकी उघडीच नव्हती. खोटं बोलतोय लेकाचा. मी बरोबर लिहिलं होतं आणि शहाणपणा करून फेकून दिलं!"

म्हणजे ती अकरा पानं बाहेर निघाली तरी उत्तर माझ्या पोटात होतं, मित्रांनो.

पुढच्या रविवारी ते दोघे मला घेऊन बाईंच्या घरी गेले. चिहारूने लिहिलेलं उत्तर माझ्यात होतं. तोगाशींनी बाईंचीच कथा वाचली. बाई शेगडी बसवलेल्या उबदार मेजाखाली पाय घालून कान देऊन ऐकत होत्या. पट्टी कापून चिहारूने उत्तर वाचलं.

"अगं बाई! जावई?" बाईंनी तोंडावर हात ठेवला. "मला स्वयंपाकिणीचा संशय होता! वर्खावरून पकडलं होय त्याला! लबाड आहे हं लिहिणारी. कोण आहे गं ही?"

"तुम्ही, बाई."

एवढ्या त्या खुन्याच्या नावानेही दचकल्या नव्हत्या. त्यांनी पानं जवळ ओढली, पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचली. मग खणातून आपला शिक्का काढला आणि शेवटच्या ओळीखाली मारला. या वेळी तो सरळ पडला.

आता मी बाईंकडेच असतो आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती दोघं येतात. तीच कथा, तेच उत्तर, आणि बाई दर वेळी तितक्याच दचकतात. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरातलं कोणी म्हातारं माणूस एकच गोष्ट पुन्हा विचारू लागलं, तर हसण्याआधी त्याच्या हाताकडे बघा. त्याने काहीतरी घट्ट धरून ठेवलेलं असेल. माझा गंज राहू द्या, तो नंतर घासता येईल.